बाकड्यावरचा माणूस

(अमडापूर. शालूबाईंच्या घराची ओसरी. त्यांचे यजमान उत्तमराव आत आहेत; उत्तमरावांचा मित्र रज्जाक ओसरीवर बसला आहे.)

शालूबाई : म्हंजे गुडघ्याचं खोटंच होतं.

रज्जाक : भाभी, गुडघा त्यायचा दुखतेच.

शालूबाई : तो तर लगनाच्या आधीपासून दुखते. तुमी फोनवर काय सांगतलं? मुंबईत गुडघा धरला, डॉक्टर म्हने हालू नका, वापस याले उशीर होईन. इकडं मी देवापुढं दिवा लावून बसली. आन काल तुमच्या घरच्या नसीमाभाभी बोलता बोलता म्हनून गेल्या का असं काही झालंच नवतं.

रज्जाक : डॉक्टरचं खोटं व्हतं. पन ‘हालू नका’ हे खरं व्हतं, कसम से.

शालूबाई : मंग कोन म्हनलं हालू नका?

रज्जाक : ते शुरूपासून सांगा लागते. आमची आसमा तिथं समुद्राजवळच्या हापिसात कामाले हाये. तिच्याकडंच उतरलो व्हतो आमी दोघं. सकाळी ड्यूटीवर जाताना तिनं आमाले सोबत घेतलं. म्हने, अब्बा, उन्हात किनाऱ्यावर काय फिरता, जवळच म्युझियम हाये, चित्रांची ग्यालरी हाये, आत एसी हाये. सांजच्याले मी घ्याले येते. पहिले म्युझियम पाह्यलं. तिथं काचेच्या पेटीत जातं, मुसळ, पितळेचा गडवा. उत्तमराव हरेक पेटीपुढं थांबून म्हनत, याच्यापक्षा आपल्या घरचा बरा हाये.

शालूबाई : आपला मी चिंच लावून घासते म्हून.

रज्जाक : मंग ग्यालरीत गेलो. तिथं एका मोठ्या हॉलात रबराचे मानसं करून ठेवेल व्हते. अशे हुबेहूब का सलाम करावा वाटे. एक भाजीवाली, एक झोपेल रखवालदार, बसची वाट पाहनारी एक बाई. बाजूले एक बाकडं व्हतं. उत्तमराव म्हनले, मी टेकतो जरा. मी चहा शोधाले गेलो. वापस येतो तं बाकड्याभोवती गर्दी.

शालूबाई : चक्कर आली काय यायले?

रज्जाक : मीबी तेच समजलो. घुसून पाह्यलं, तं उत्तमराव बसेल. दोन्ही हात गुडघ्यावर, नजर सामने, पापनीबी हालत नाई. आन लोकं वाकून वाकून त्यायले पाहून राह्यले. एक बाई सोबतच्या बाईले दाखवे का, कानातले केस कशे एकेक करून लावले पाहा. एक चष्म्यावाला टाचेच्या भेगांची तारीफ करे.

शालूबाई : आन हे उठले नाई?

रज्जाक : नाई. मी इशारा केला, डोळे वटारले, काही असर नाई. नंतर मले म्हनले, रज्जाक, एवढे शिकेलसवरेल लोकं, मी उठलो असतो तं त्यायची केवढी फजिती झाली असती. ते जाईपर्यंत कळ काढू म्हनलं. पन एक गेले का दुसरे येत.

शालूबाई : फजितीचं नाव नका सांगू. आवडलं असन त्यायले.

रज्जाक : आता तुमी म्हनता तं, थोडं आवडलंबी असन. त्या चष्म्यावाल्यानं मात्र नाराज केलं. तो म्हने, चेहरा साधला हाये, पन पोट खोटं वाटते.

शालूबाई : पोट खोटं? माह्या भाकरीचं हाये ते.

रज्जाक : मी तेच म्हननार व्हतो. पन तितक्यात उत्तमरावले शिंक आली. मी पाह्यलं, नाक फुगलं, आता सुटते. मंग मीच जोरात शिंकलो, त्यायची माह्या शिंकेत दबून गेली. लोकं माह्याकडं असे पाहू लागले का जसा मीच गावंढळ.

शालूबाई : हसू का रडू समजत नाई मले. पन हा तं एका दिवसाचा खेळ झाला. बाकी दिवस काय केलं?

रज्जाक : तेच सांगून राह्यलो. लोकं पांगले आन एक पोरगी आली. पोरगी म्हंजे आमच्या आसमापक्षा मोठी. अर्पिता नाव. ती सामने उभी राह्यली. मंग तिचे डोळे भरले. तिनं फोन लावला आन आईले सांगतलं का, आई, इथं बाबांसारखा एक पुतळा आहे, अगदी तसेच बसलेत, रविवारी तुला घेऊन येते. उत्तमरावच्या कानाजवळ उभं राहून बोलली ती. मंग वाकून नमस्कार केला आन गेली.

शालूबाई : यायच्या पाया पडली?

रज्जाक : चपलेले हात लावून. ती गेल्यावर उत्तमराव उठले. मी म्हनलं, चला आता. तं म्हनले, रविवारी ती माय येईन आन बाकडं रिकामं असन, मंग? मी म्हनलं, तिले वाटन पुतळा उचलून नेला. ते म्हनले, तिच्या घरचा मानूस एकदा गेला हाये, दुसऱ्यांदा काऊन न्याचा? मंग मी तुमाले फोन लावला आन गुडघा सांगतला.

शालूबाई : मंग रविवारीच जाचं ना. मधात काऊन?

रज्जाक : सवय पाह्यजे म्हने. दुसऱ्या दिवशी गेलो तं तिथली म्याडम बाकड्याजवळच उभी. कडक बाई. तिच्याकडं पुतळ्यांचा हिशेब असते, त्याच्यात एक जास्ती भरत व्हता. उत्तमराव खाली मान घालून बसले आन सगळं सांगून टाकलं. मले वाटलं पोलीस बोलावते. ती डोक्याले हात लावून म्हनली, काल लोकांनी सगळ्यात जास्त फोटो यांचेच काढले, मोठे साहेब खूश आहेत, आता मी त्यांना काय सांगू? रविवारपर्यंत बसा, मग मी पुतळा दुरुस्तीला गेला म्हणून लिहिते.

शालूबाई : आन हे बसले.

रज्जाक : पायाजवळ पाटी लावली. ‘वाट पाहणारा शेतकरी’. त्याच्यावरून दोघायची हुज्जत झाली. उत्तमराव म्हनले, मी कोनाची वाट नाई पाहून राह्यलो, माही तूर घरात येऊन पडली. मंग तिनं ‘बसलेला माणूस’ अशी केली. आन मले फडकं देलं. मी दिवसभर रबराचे मानसं पुसो आन मधात मधात यायचा घाम टिपो. गादीच्या दुकानात उभा जलम गेला, कोनी म्हनलं नाई का रज्जाक, तुह्या हातात सफाई हाये. त्या म्याडमनं म्हनलं.

शालूबाई : तुमचं राहू द्या. रविवारी ती माय आली?

रज्जाक : आली. काठी टेकत, पोरीच्या खांद्याले धरून. पोरगी म्हने, पाहा आई, बाबाच ना? मायनं लय वेळ पाह्यलं. मंग पोरीले म्हनली, जा, माझ्यासाठी पाणी घेऊन ये, मी बसते इथं. आन बाकड्यावर बसली, उत्तमरावच्या बाजूले. मी पलीकडं भाजीवालीची टोपली पुसत व्हतो. मले सगळं आयकू येत व्हतं.

शालूबाई : काय म्हनली?

रज्जाक : हळूच म्हनली, “श्वास घेताय तुम्ही. दिसतंय मला. घ्या, पण हलू नका.”

शालूबाई : अगं माय.

रज्जाक : माह्या हातातलं फडकं पडलं. उत्तमराव मात्र तसेच. मंग ती सामने पाहत बोलत राह्यली, जसं का नवऱ्याशीच. तिचा नवरा रोज सकाळी तिच्या आधी उठे आन तिच्यासाठी चहा करे, अद्रक घालून. सगळ्या नात्यात त्याचं कवतिक. ती म्हनली, “आल्याचा चहा मला कधीच आवडला नाही. तुम्ही इतक्या प्रेमानं आणायचात, मी रोज प्यायले. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग तुम्ही गेलात. एवढंच राहिलं होतं.”

शालूबाई : एवढंच?

रज्जाक : एवढंच. मंग त्यायच्या हातावर हात ठेवला आन म्हनली, बरं वाटलं. पोरगी पानी घेऊन आली. माय उठली, म्हनली, “अर्पिता, हे तुझ्या बाबांसारखे अजिबात दिसत नाहीत. पण मूर्ती चांगली आहे.” आन गेल्या दोघी. उत्तमरावच्या डोळ्यातून धार लागली. मी पुसाले धावलो, तं तो चष्म्यावाला पुन्हा हजर. म्हने, आत मशीन बसवलंय वाटतं, कमाल आहे.

शालूबाई : मंग पोट खरं वाटलं का नाई त्याले?

रज्जाक : विचारलं नाई. आमी निघालोच. गाडीत उत्तमराव खिडकीजवळ बसले. नांदुऱ्याले उतरल्यावर खामगावची बस पाहत व्हतो, तं एकदम म्हनले, रज्जाक, शालूले काय आवडत नसन? मी म्हनलं, मले काय मालूम, तुमची बायको हाये. ते म्हनले, मलेबी नाई मालूम.

शालूबाई : म्हून हे आल्यापासून चुलीपुढं पाट घेऊन बसतात. मी भाकर थापो, हे माह्या तोंडाकडं पाहत. मले वाटे मुंबईची काही बाधा झाली. मी काल मीठमिरच्या ओवाळल्या त्यायच्यावरून.

रज्जाक : त्यायले काय म्हनाचं ते म्हना, भाभी. फक्त गुडघ्याचं माह्यावर नका ठेवू.

उत्तमराव : (आतून दारात येत) रज्जाक, सांगतलं काय रे समदं?

रज्जाक : सांगतलं. पोटाचंबी.

उत्तमराव : शालू, तू रागावली असशीन तं...

शालूबाई : या इकडं. बसा त्या बाजेवर.

उत्तमराव : बसलो.

शालूबाई : हात कशाले गुडघ्यावर ठेवले?

उत्तमराव : सवय झाली. हालू नको काय?

शालूबाई : हाला. पन उठू नका. मले काय आवडत नाई ते आयका.

उत्तमराव : लय हाये काय?

शालूबाई : रज्जाकभाऊ, जाता जाता दार लोटून घ्या.