साठं राखणार कोण?

अहो, भर मे महिन्यात माझी राखणच पळवायला निघाले होते! तुम्हाला सांगते, अंगणभर ताटांत आंब्याचा रस ओतलेला, त्याची साठं वाळायची, मुंबईला माझ्या प्रमोदकडे जायची, आणि कावळ्यांना हाकलणारी एकटी माझी नात रसिका. तिलाच न्यायला आल्या शाळेच्या मृणालीबाई. "बुद्धविहारात सुट्टीतलं वाचन शिबिर आहे, आजी, पाठवा." म्हटलं, पाठवते, पण साठं राखणार कोण?

तर बाई म्हणतात कशा, "सुट्टीत मुलं वाचायचं विसरतात हो." आणि कावळे काय विसरतात? गेल्या वर्षी ताट कुठं होतं ते त्यांना पाठ. वर म्हणे, "घरचं एक मोठं माणूसही हवं, त्यानंसुद्धा वाचायचं." घ्या! नात गेली, आजी गेली, मग साठं राखणार कोण, तुमचा फळा? सरळ सांगितलं, दोघी वाचू, पण माझ्याच अंगणात. विहारातली सतरंजी उचला नि इथं टाका.

टाकली ओ त्यांनी! वाडीतली पोरं, त्यांच्या आया, करीमभाईंची शमीमसुद्धा आली तिच्या मनालला घेऊन... सगळी एका सुरात मोठ्यानं वाचतायत आणि कावळे फणसावर गप्प. म्हटलं, हे शिबिर बारा महिने चालवा.

मग आली माझी पाळी. चौथीनंतर मी वाचली ती एसटीची पाटी. बोट ठेवून सुरू केलं. गोष्ट काय, तर राजापूरचा एक खेकडा मुंबईला निघालाय, एसटीत चढलाय, आणि कंडक्टर विचारतोय, फुल की हाफ... आम्हा बायकांना हाफ, ते ठीक, पण खेकड्याला काय? मला राहवेना. बोट पळायला लागलं, पान उलटलं, आणि तोंड कधी मिटलं ते माझं मलाच कळलं नाही. मनातल्या मनात वाचत होते ओ, मी! पोरं वाट बघत गप्प, अंगण गप्प. कावळ्यांना आणखी काय पाहिजे?

रसिका ओरडली, "आजी, साठं!"

मी मान वर न करता म्हटलं, "थांब गो, घाट लागलाय."

संध्याकाळी प्रमोदचा फोन. "आये, साठं झाली?" म्हटलं, कावळ्यांनी खाल्ली. "रसिका काय करत होती?" म्हटलं, तिला बोलायचं नाही, राखणीला मी होते. "मग उद्या तरी शिबिर बंद ना?" अजिबात नाही. "अगं, पण साठं राखणार कोण?"

म्हटलं, तूच ये आणि बस काठी घेऊन. आमचा खेकडा अजून चिपळूणलाच पोचलाय.