चार बोटं काठ

चार बोटं का दोन बोटं? निस्तं एवढंच इचारलं होतं हो मी, एवढंच! अन् हे बघा कपाळ, हा बघा हात, कोपरापस्तोर पलस्तर, अन् हा दात... दात काय बघता, दात न्हाईच तिथं! अन् तुमी ढेप न्यायला येता अन् पहिला सवाल काय, तर उमाशंकरशेठ, गाडीवरून पडलाव का? गाडीवरून पडलो असतो तर बरं झालं असतं, तुमाला सांगतो. गाडीवरून माणूस पडला की लोक उचलतात. मी वाकळीवरून पडलो. वाकळ! आपली जुन्या लुगड्यांची, अंगावर घ्यायची, मऊमऊ वाकळ! बसा. ढेप कुठं पळून जात न्हाई, त्या पोत्यावर बसा अन् ऐका.

आमच्या लेकीला, अक्षराला, पोरगा झाला. पहिलं बाळंतपण, म्हणून माझ्या घरी. बारसं ठरलं. अन् आमच्या घरात रीत अशी, की बारशाला बाळाला वाकळ द्यायची ती त्याच्या आईच्या आत्यांनी शिवलेली. आता अक्षराच्या आत्या म्हणजे कोण? माझ्या बहिणी! थोरली रुद्राणी, रुद्राक्का, नांदेडात दिलेली. धाकटी शिवगंगा, गंगी, इथंच लातुरात, दोन गल्ल्या सोडून. ह्या दोघी एका खोलीत आल्या ना, की मी आधी गॅसचं बटन बंद करून येतो. उगं कशाला रिस्क!

रुद्राक्का नांदेडहून आली ती सोताची कातर घेऊन आली. लोक भावाकडं येताना पेढे आणतात हो, ही कातर घेऊन! अन् कातर म्हणजे काय, मेंढरं भादरावी अशी. मी म्हणलं, अक्का, घरात कातर हाय की. तर म्हणली, "तुझ्या घरच्या कातरीनं लोणी तरी कापंल का रे? सरक तिकडं!" अन् मला सरकवलं. सरकवलं म्हणजे हातानं न्हाई, ढोपरानं. हितनं सुरुवात! वाकळ बाळाची, शिवणार बहिणी, अन् मार कुणाला? मला!

दोघींनी वाकळ घातली वरच्या मजल्यावर, दिवाणखान्यात. पोटात आमच्या अण्णांचं धोतर, वर दामिनीची, म्हणजे आमच्या मंडळींची, दोन सुती लुगडी. धाव दोरा घालून राहिल्या, गाणं म्हणून राहिल्या, मला वाटलं चला, ह्या बारीला निभलं. मग आला काठ. अन् काठ म्हणलं की इरकल लुगड्याचाच पाहिजे, त्याला काय दुसरा इलाज न्हाई. रुद्राक्का म्हणली, "उम्या, अव्वाच्या ट्रंकेत जुनं इरकल हाय, आण जा." अव्वा म्हणजे आमची आई, मल्लम्मा. ती गेली होती महादेवाला.

आता अव्वाचं जरा सांगावं लागंल, त्याबिगर तुमाला पुढचं कळायचं न्हाई. अण्णा गेले परवाच्या साली. तवापासून अव्वाचं एकच, "माझं झालं आता. मी निघाले." आधी एक भाकर खायची, मग अर्धी, मग चतकोर, मग निस्तं ताक. ह्या दिवाळीपासून तर भरल्या ताटावरून उठून राहिली. मी दवाखाने केले, रगत तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल! डॉक्टर म्हणले, काही न्हाई झालेलं, मावशींना जरा मनावर घ्यायला सांगा. आता घ्या! म्हातारीनं मनावरच घेतलं होतं... जायचं! तुमाला खरं सांगतो, राती उठून मी तिच्या नाकापुढं हात धरायचो. असो.

तर मी ट्रंक उघडली. वरती एक इरकल, इटलेलं, हात लावला की फाटंल. अन् तळाला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. सोडून बघतो तर कोरं करकरीत इरकल, हिरवंगार, तांबडा काठ, अन् घडीवर इभूतीचा गोळा. आता तुमीच सांगा, तुमी काय समजला असता? आमच्यात पोर जन्मलं की इभूती, लग्न लागलं की इभूती, दुकानाचं शटर वर केलं की इभूती! मी म्हणलं वा रे वा, अव्वानं पंतूसाठी नवं लुगडं घेऊन, इभूती ठेवून, गुपचूप बांधून ठेवलंय! डोळ्याला पाणी आलं हो माझ्या. नेऊन दिलं बहिणींना. रुद्राक्कानं बघितलं, गंगीनं बघितलं, दोघी म्हणल्या, बघ की म्हातारीची माया! अन् कच्... कच्... कच्... दोन्ही काठ ह्या टोकापासून त्या टोकापस्तोर उतरवले.

अन् तिथं माझ्या तोंडातून गेलं, "अक्का, काठ किती रुंद? चार बोटं का दोन बोटं?"

झालं!

रुद्राक्का म्हणली, "चार. एक काठ वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, पुरता. बाळाची वाकळ हाय, पायपुसणं न्हाई." गंगी म्हणली, "दोन. एकच काठ मधी दुमडायचा, दोन बोटं वर, दोन बोटं खाली. नाजूक दिसतंय." रुद्राक्का म्हणली, "अन् दुसरा काठ?" गंगी म्हणली, "उरंल." रुद्राक्का म्हणली, "उरंल म्हणजे कुठं जाईल?" गंगीनं काठाची घडी घातली. रुद्राक्का म्हणली, "तुझ्या सुनेला दिवस गेलेत न्हवं?" गंगी म्हणली, "मग? माझं नातवंड काय उकिरड्यावर जन्मणार हाय?" अन् असं म्हणून तिनं काठाचं एक टोक धरलं. दुसरं टोक रुद्राक्काच्या हातात. अन् मधी? मधी मी! काठ माझ्या गळ्याभोवतून गेलेला, मला कळलंच न्हाई कवा गेला. इकडून ओढ, तिकडून ओढ, माझे डोळे बाहेर. दामिनी आतून वरडून राहिली, "आवो, मधी पडू नका!" अगं बाई, मी कुठं पडलो? मला पाडून राहिल्या!

मी कसाबसा गळा सोडवला तर रुद्राक्काचा हात सुटला. बोटात शिवणाचं अंगुस्तान होतं, पितळेचं. तो हात निघाला गंगीकडं, पर गंगी वाकली. लहानपणापासून वाकायची सवय हो तिला. मला ती सवय न्हाई. दात गेला. गंगीनं पाट उचलला अन् फेकला. नेम रुद्राक्कावर. अक्का सरकली. कपाळ कुणाचं? बघा, टाके बघा! अन् तुमाला सांगतो, दोघींपैकी एकीला खरचटलंसुदिक न्हाई. पन्नासच्या पन्नास वर्सं भांडून राहिल्या, एकमेकीला एक ओरखडा न्हाई, अन् मार कुणाला? मला!

तेवढ्यात आमचे धाकटे दाजी आले, शिवप्रसादराव, गंगीचे मालक. गरीब माणूस. शाळेत मास्तर, सगळ्यांचं समाधान करायची हौस. रगत बघितलं, पाट बघितला, म्हणले, "अगं, एवढं काय त्यात? चार न्हाई अन् दोन न्हाई, तीन बोटं घ्या. आपण इभूतीबी कपाळाला तीनच बोटं ओढतो की!"

दोघी बहिणींनी एकमेकीकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं. रुद्राक्का म्हणली, "बारशाच्या कामात तीन?" गंगी म्हणली, "माझ्या माहेरच्या कामात तुमी कामून तोंड घालता?" अन् लोड! लोड घेतला हो रुद्राक्कानं, गंगीनं लाटणं, अन् दाजी पुढं, ह्या दोघी मागं, सोफ्यावरून, कपाटामागून, दाजी वरडून राहिले, "मी शिक्षक हाय! मी शिक्षक हाय!" अन् शेवटाला लपायला जागा कुठली सापडली त्यांना? माझ्या पाठीमागं! लोड कुणाला? मला. लाटणं कुणाला? मला! आत बाळ बिनघोर झोपलेलं. त्याच्यासाठी एवढी लढाई, अन् त्याला पत्ता न्हाई.

अन् अव्वा दारात उभी.

हातात काठी, कपाळाला इभूती, महादेवाहून आलेली. खाली बघते तर हिरवं इरकल, बिनकाठाचं, बोडकं, फरशीवर पडलेलं. अव्वा वाकली, लुगड्यावरून हात फिरवला, कडंला धागे निघालेले त्यावरून हात फिरवला. अन् अगदी हळू इचारलं, "हे कुणी काढलं?"

मी म्हणलं, "अव्वा, बाळाच्या वाकळीला... तू ठेवलेलं..."

"बाळाला?" अव्वा म्हणली. "मुडद्या, ते मी मला ठेवलं होतं! मला नेसवायला! तुझ्या बापाला धोतरात बसवलं, मला बसवणार कशात? ह्या बोडक्या फडक्यात बसवून महादेवापुढं धाडणार व्हय रे मला?"

तुमाला ठावं हाय, आमच्यात माणूस गेलं की बसवून माती देतात, नवं नेसवून, इभूती लावून. अव्वानं तयारी करून ठेवली होती. सगळी तयारी. अन् आमी तीन लेकरांनी त्या तयारीची कातरून वाकळ केली होती!

मग काठी उठली. काय सांगू तुमाला! ज्या बाईला ताकाचा पेला उचलंना, त्या बाईनं काठी अशी फिरवली, अशी फिरवली, की पंख्याचं पातं वाकलं! रुद्राक्काला पाठीत एक, गंगीला कंबरेत एक, दाजी पळून राहिले तर त्यांना दारात गाठून एक, अन् मग माझी पाळी. मला एक न्हाई. मला मोजलेच न्हाईत. मी म्हणलं, अव्वा, मी पळतो, पळतो म्हणलं अन् त्या वाकळीत पाय अडकला, गेलो थेट जिन्याखाली, हात मनगटात मोडला. अन् ही वरून म्हणते, "उठ! अजून झालं न्हाई माझं!"

अन् इतकं करून अव्वा बसली. घाम आलेला. धापा टाकून राहिली. आमी भ्यालो. रुद्राक्का रडाय लागली, अव्वा, अव्वा म्हणून. अव्वानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् दामिनीला म्हणली, "भाकर हाय का गं?"

दामिनीनं ताट आणलं. ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा. अव्वानं एक भाकर खाल्ली. अख्खी! मग म्हणली, "अजून." आमी चौघं मोडलेल्या अवस्थेत रांगेनं उभं राहून बघून राहिलो, म्हातारी दुसरी भाकर खाऊन राहिली. हात धुतला अन् म्हणली, "काठ उसवा अन् लुगड्याला जोडून द्या. काठ जोडल्याबिगर मी कुठं जाणार न्हाई. सांगून ठेवते!" अन् गेली झोपायला.

जाणार न्हाई! ऐकलं का? काठ जोडल्याबिगर जाणार न्हाई!

दवाखान्यातून पलस्तर घालून मी घरी आलो तर दोघी बहिणी वाकळीपुढं बसलेल्या. अव्वा म्हणली उसवा, पर वाकळीला काठ लागलेलाच न्हवता अजून, नुसता बाजूला पडलेला. जोडायचा असता तर घटकाभराचं काम. मी म्हणलं, अक्का, मग? देता का जोडून? रुद्राक्का काठाकडं बघत राहिली. अन् गंगी, जी सकाळपासून दोन बोटं, दोन बोटं करून राहिली होती, ती गंगी सुईत दोरा घालत म्हणली, "अक्का, चार बोटं लाव. दोन्ही काठ लाव. पुरते. काहीच उरू देऊ नको."

रुद्राक्का म्हणली, "अन् दुहेरी दोरा. धाव दोरा न्हाई, टीप घालू. जवळ जवळ. उसवायचं म्हणलं तरी उसवू नये असं." अन् दोघी एकमेकीच्या अंगाला अंग लावून शिवायला बसल्या. त्यांच्या डोळ्याला पाणी, माझ्या डोळ्याला पाणी. दाजी दारातून म्हणले, चार बोटं बरोबर हाय. त्यांना कुणी मारलं न्हाई.

बारसं झालं. वाकळ दिली. तसला काठ सगळ्या लातुरात न्हाई, जो आला तो म्हणला, एवढा रुंद कामून हो? आमी म्हणलं, फॅशन हाय.

अन् आता रोज सकाळी काय होतं? अव्वा उठते, दूध-भाकर खाते, काठी घेते, अन् दुकानात येते. हितं, बघा, त्या काट्याजवळ उभी राहते. "उम्या, काठ उसवला का?" मी म्हणतो, उसवून राहिलो, अव्वा. टीप लई बारीक हाय. "किती उसवला?" थोडाच उसवला. "खोटं बोलतोस!" अन् रट्टा! गिऱ्हाइकांसमोर, हमालांसमोर, रोज! पोरांनी मोबाईलवर काढून घेतलंय, नांदेडपस्तोर गेलंय. दामिनी म्हणते, आवो, सांगून टाका की अव्वाला खरं. मी म्हणलं, येडी हाय का तू? मार खाऊ दे मला.

अन् काल काय झालं, तुमाला सांगतो. काल अव्वा आली, इचारलं, उसवला का, मी म्हणलं, उसवून राहिलो, अन् काठी बसली... पर हळू बसली हो. हलकी. मी म्हणलं, "अव्वा, आज जेवली न्हाईस का गं?" म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "मला इचारतो का, भाड्या!" अन् दुसरा असा सणसणीत हाणला, असा हाणला, की हे बघा, खांद्यावर अजून निळं हाय... हात लावू नका, दुखतंय. लई दुखतंय हो. लई बरं वाटलं.