खाटेवरच्या पिशव्या

तुम्ही हसाल, पण सांगते. मामंजी गेल्यावर त्यांची खोली रिकामीच होती, म्हणून मी तिथे गव्हाच्या भुशाच्या पिशव्या टांगून ऑयस्टर मशरूम लावले. खोलीभर छान पसरट छत्र्या आल्या. त्यांच्या खाटेवर टांगलेल्या पिशव्यांतून मात्र नुसते लांबलचक देठ खाली लोंबायला लागले. मशरूम शिकवणाऱ्या भैयांना बोलावलं. ते म्हणाले, "भाभीजी, बंद हवा में कोई साँस छोड़ता रहे, तो डंठल ऐसे ही खिंचते हैं. यहाँ सोता कौन है?"

"कोई नहीं."

भैया चहा न घेताच गेले.

मी खिडकी उघडी ठेवली. पुढचं पीकही तसंच आलं.

आता पाणी फवारायला आत जाताना मी डोक्यावर पदर घेते.