साडेआठची नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय रवींद्रजी, प्रमुख पाहुण्या डॉक्टर शर्वरीताई, सत्कारमूर्ती विश्वासराव टोकेकर, लीलावतीवहिनी आणि जमलेल्या सर्व भोपाळकर मंडळींनो, नमस्कार.

मी मंदाकिनी, टोकेकरांची समोरची शेजारीण. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे समोर कुणी बोलायला लागलं की मला दटावावंसं वाटतं. शेवटच्या रांगेने सांभाळून घ्यावं!

विश्वासराव मुलीकडे पुण्याला निघाले, हे आपण जाणताच. पण त्यांच्या अंगणातल्या हवामान केंद्राचं काय? बावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला या गृहस्थांनी पाऊस आणि तापमान वहीत लिहिलं. एक दिवस कोरा नाही. बिट्टन मार्केटमधून भाजी घेऊन येताना साडेआठ वाजत आले की वहिनींना रस्त्यात सोडून हे पुढे पळत. (वहिनी हसताहेत, म्हणजे खरं आहे.) गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात नोकरीला असताना तिथल्याच एका कारागिराकडून त्यांनी पर्जन्यमापक बनवून घेतला. तांब्याचं नसराळं आणि खाली पाणी साठायला तांब्याचं भांडं.

त्या तांब्यानेच माझा घात केला. अकरा वर्षांपूर्वी टोकेकर दोन दिवस उज्जैनला गेले आणि नोंदीचं काम माझ्यावर सोपवलं. गणपती दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी पूजेची भांडी चिंचेने घासत होते. समोर पाहते तर नसराळं काळंकुट्ट. म्हटलं, सणासुदीला हे असं बरं दिसतं का? नसराळं आणलं, भांडं आणलं, आतलं पाणी मोरीत ओतलं आणि दोन्ही लख्ख घासून परत ठेवली. घड्याळात पाहिलं, साडेआठ! रात्रभर पाऊस पडला होता आणि तो सगळा माझ्या मोरीत गेला होता.

मंडळी, उत्तर चोरणाऱ्या मुलांना ओणवं उभं करणाऱ्या या बाईंनी मग काय केलं असेल? वहीत लिहिलं, एकतीस मिलिमीटर. मनाने. आज सगळ्यांसमोर कबूल करते.

गेल्या आठवड्यात विश्वासरावांनी पर्जन्यमापक आणि बावीस वह्या माझ्या हवाली केल्या. मी आधी ते पान काढलं. एकतीसच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "भांडं चकाकतंय. आकडा अंदाजे. सरासरीत धरू नये." म्हणजे त्यांना आल्याबरोबर कळलं होतं. अकरा वर्षांत त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत, आणि गावाला जाताना किल्ली मात्र दर वेळी माझ्याकडेच दिली. मला रडू आलं. मी विचारलं, "मग आता सगळंच माझ्याकडे का देताय?" म्हणाले, "मंदाताई, तुम्ही दुसऱ्यांदा घासणार नाही."

अध्यक्षमहाराज, हा पर्जन्यमापक मंडळाच्या काचेच्या कपाटात मानाने ठेवावा, असं आपण मघाशी सुचवलंत. आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगते, मी देणार नाही. कपाटात पाऊस पडत नाही. टोकेकरांचं घर विकलं गेलंय, उद्या तिथे मोटारी उभ्या राहतील. झाडाजवळ पर्जन्यमापक चालत नाही, म्हणून मी माझ्या अंगणातला शेवगा तोडलाय. आमच्या ह्यांनी आमटीच्या आठवणीने दोन दिवस अबोला धरला. तोडणारा माणूस म्हणाला, "माताजी, हरा-भरा पेड़ है, सोच लो." म्हटलं, सोच लिया, भैया.

मोबाइलवर सगळं कळतं, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. मोबाइल अख्ख्या भोपाळचं सांगतो. आमच्या गल्लीत किती पडला, हे बावीस वर्षं एकाच माणसाने लिहिलंय, आणि ते मी थांबू देणार नाही. गुडघे दुखतात, दुखू देत.

मंडळाने बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. विश्वासराव, वहीत झालं तर मात्र घालू नका. उद्या तुमची गाडी आठला सुटेल. साडेआठनंतर फोन करा, आकडा सांगते. मोजलेला.