मागपर्यंत येतोय का आवाज

हॅलो?… हॅलो, कोण?… वहिनी, तू होय. बोल, बोल… येतोय गं आवाज, छान येतोय. तू एवढी ओरडून का बोलतेस? मी काय बहिरी झालेय?… बरं, राहू दे. नाही, चिडत नाहीये…

जेवण? नाही अजून. आत्ताच तर सभेवरून आले. गोडाऊनमध्येच आहे. वायरींचा हा ढीग पडलाय, भोंगे अजून टेंपोतच आहेत… हो, एका हातात फोन, एका हातात वायर. सवय आहे. तू बोल…

…परवा? अगं, मतदान परवा आहे हे काय मला सांगायला हवं? महिनाभर दुसरं काय कानावर पडतंय… नाही. मी नाही येणार… तुमच्याबरोबर नाही असं नाही, कोणाबरोबरच नाही. मतच देणार नाहीये या खेपेला… हो, मीच बोलतेय. मीच. जी तापाने फणफणत मतदानाच्या रांगेत उभी राहिली होती, तीच…

वहिनी, तो टीव्ही जरा बारीक कर ना. तुझं काही कळत नाही त्या गोंगाटात… दादा बघतोय? मग झालंच. माझा फोन आहे हे कळल्यावर मुद्दाम मोठा केला असणार. त्यांच्या पक्षाचं चॅनेल, मला ऐकवायला… नाही कसं? पाच वर्षं बोलत नाही म्हणून काय भावाला ओळखत नाही मी?… बरं, जा, स्वयंपाकघरात जा. दार लोटून घे…

हं. आता येतंय ऐकू.

तूच सांग ना, मत द्यायचं कोणाला? एकीकडे ते, त्यांची भीती वाटते. दुसरीकडे आमचे, त्यांची लाज वाटते. यातून काय निवडू?… नाही, भीतीच. दुसरा शब्द नाही. कॉलेजातल्या ग्रंथपालबाईंची बदली झाली ना, कशासाठी? तर वाचनालयाच्या भिंतीवर एक व्यंगचित्र लावलं म्हणून. आमच्या खालचा केमिस्ट आठवतो? गिऱ्हाईक ताटकळत ठेवून वाद घालायचा. आता राजकारणाचा विषय निघाला की औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला लागतो. माणसं घरातसुद्धा हळू बोलायला लागलीत गं…

…आमचे? आमच्यांचं काय सांगू. सत्ता होती तेव्हा झोपले होते. सत्ता गेली तेव्हा रुसून बसले. आता निवडणूक आली तर डोळे चोळत उठलेत. एखाद्या हॉलमध्ये बोलायला उभं कर, समता म्हणतील, विचार म्हणतील, तासभर थांबायचे नाहीत. समोर आम्हीच, तेच ते, एकमेकांना पटलेलंच पुन्हा पटवत बसलेले. बाहेर कोपऱ्यावर जी माणसं उभी आहेत त्यांच्याशी बोलायला कोणी गेलं नाही. मीही नाही गेले. मला वाटायचं, आपण शहाणे, आज ना उद्या लोकांच्या लक्षात येईलच. कुठलं काय…

अगं ऐक ना. आम्हां माइकवाल्यांइतकी भाषणं कोणी ऐकत नाही. स्टेजवर चढायच्या आधी प्रत्येक जण मला एकच विचारतो, मागपर्यंत जातोय ना आवाज? सगळ्या पक्षांचे. मागून पुढे काही येतंय का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही…

हसू नकोस. खरंच सांगतेय…

…आज? आजची सभा आमच्याच पक्षाची होती… उमेदवार कोण हे तुला माहीत आहे, माझ्याकडून वदवून घेऊ नकोस… हो. गॉगल. तोच. रात्रीच्या सभेलाही काळा चष्मा लावणारा. दादाच्या पक्षातून उडी मारून आमच्यात आला, महिना झाला नाही, तर तिकीट हातात. मी गेले होते ना ऑफिसात विचारायला. म्हणाले, ताई, तत्त्वं आपल्याकडे आहेतच, निवडून येणारा माणूस नव्हता…

…हो. मीच लावला माइक.

…ऐकतेयस ना?… हो, मीच. नाही म्हणणार होते. मग म्हटलं, पक्षाची गरज आहे, इतकी वर्षं यांचं काम केलं, ऐन वेळी कुठे पाठ फिरवायची. आणि गॉगल बोलला गं, बंधुभावावर बोलला. आवाज तोच, हात हलवायची तऱ्हा तीच, नुसते शब्द बदललेले. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मागे उभी होते. वाटलं, जाऊन वायर ओढावी. नाही ओढली. पाच वर्षांपूर्वी ओढली होती, आज नाही…

…त्याने तुला काय सांगितलं त्या दिवसाचं, ठाऊक नाही. तू माहेरी होतीस. माझ्याकडून एकदा ऐक…

आमची रीत तुला माहीत आहे. बाबांपासूनची. दादा स्टेजजवळ अ‍ॅम्प्लिफायरच्या मशीनवर, मी मैदानाच्या शेवटच्या टोकाला. तो माइकमध्ये बोलणार, हॅलो, हॅलो, मागपर्यंत येतोय का आवाज. मी एक हात वर केला की येतोय. दोन्ही हात वर केले की जास्त झाला, कमी कर. फ्रॉक घालायचे तेव्हापासून मी ते हात वर करतेय. त्या दिवशी सभा दादाच्या पक्षाची होती. असू दे ना, धंदा आहे, आम्ही सगळ्यांचाच माइक लावायचो. आणि गॉगल पुलापलीकडच्या माणसांवर घसरला. हाकला म्हणाला. घरात घुसून हाकला म्हणाला. आमच्या भोंग्यांतून, वहिनी. बाबांना शेवटी उचलून बसवणारी, त्यांना भरवणारी नर्स कुठली होती? पुलापलीकडचीच ना? ती तेव्हा तिथेच राहत होती. तिच्या खिडकीत गेला असणार तो आवाज, आपले भोंगे चांगले होते…

मी मागे उभी राहून दोन्ही हात वर केले. कितीतरी वेळ. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. मग मी पळत गेले आणि वायर ओढली. त्याने ती परत लावली. सगळ्यांच्या देखत. मी विचारलं, कळतंय का तुला तो काय बोलतोय? तर म्हणाला, आपलं काम आवाज लावायचं…

त्यानंतरचं तू बघितलंच आहेस. वाटणी. त्याने मशीन घेतलं, मी भोंगे घेतले. मशीनशिवाय भोंगे म्हणजे नुसती भांडी, आणि भोंग्यांशिवाय मशीन म्हणजे खोकं. पण दोघांनी हट्टाने अर्धं अर्धं नेलं आणि उरलेलं अर्धं बाजारातून आणलं… हो, हसण्यासारखंच आहे. ज्याच्यापायी हे झालं तो मजेत पक्ष बदलून मोकळा झाला, आणि आम्ही भावंडं अजून तिथेच, मैदानाच्या दोन टोकांना…

दादा बरोबर होता असं नाही म्हणत मी. पण मीसुद्धा बरोबर राहिले नाही, एवढं खरं…

…काय?… फोन का नाही केला? केला होता ना. लेकीला नोकरी लागली तेव्हा. म्हटलं, सगळ्यांत आधी मामाला सांगू. उचलला त्याने. मी बोलतेय, बोलतेय, दादा, मी आहे रे, दादा… तो नुसता हॅलो, हॅलो. आणि ठेवून दिला. भर रस्त्यात उभी होते मी. तेव्हा ठरवलं, आता पुरे…

…काय म्हणालीस?

…परत सांग.

…म्हणजे, ऐकू येत नाही म्हणजे काय?… दोन्ही कानांनी?… कधीपासून?

…थांब, वायर खाली ठेवते.

…हं, बोल. हळूहळू बोल. ओरडू नकोस… हं, म्हणून. म्हणून तू ओरडतेस. सवयीने. आणि टीव्ही… अगं, पण मला का नाही सांगितलंस?… त्याने शपथ घातली म्हणून?… हो, ते कळतं. माइकवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला काम कोण देणार. कानात मशीन लावून सभेला गेला तर लोक हसणार… पण आम्ही काय लोक होतो का, वहिनी?

…शिट्टी? हो, ते कानावर आलं होतं माझ्या. माइक भोंग्यासमोर आला की कान किटवणारी शिट्टी बसते ना, ती. सभेत बराच वेळ वाजत राहिली म्हणे. मला वाटलं, कोणी शिकाऊ बसवला असेल मशीनवर… तो स्वतः होता?… शिट्टी वाजतेय आणि हा मशीनवर हात ठेवून हसत उभा? त्याला कळलंच नाही?… लोक कानावर हात ठेवायला लागले तेव्हा कळलं…

अरे देवा. माझा दादा. बंद खोलीतून नुसत्या आवाजावर सांगायचा, कुठल्या भोंग्याचा पडदा फाटलाय ते…

…काम सोडलं? केव्हा?… आणि मी इथे समजतेय, पक्षाने आता मोठा माणूस धरला असेल म्हणून हा दिसत नाही…

वहिनी, एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी, गॉगलच्या सभेत… तेव्हापासूनच?… आवाज यायचा, पण शब्द लागायचे नाहीत. हं… म्हणजे तो काय बोलला ते दादाला… दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं. मग मी त्याला विचारलं, कळतंय का तुला, तेव्हा…

…नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

मग तेव्हाच सांगायचं ना, मला ऐकू आलं नाही म्हणून. एवढंच सांगायचं. आपलं काम आवाज लावायचं, असलं काहीतरी बोलायची काय गरज होती… अभिमान. हो. तो दोघांना सारखाच वाटून दिलाय बाबांनी. आणि मी तरी काय, त्याच्या तोंडाकडे न बघता वायरीकडेच बघत राहिले…

…पक्ष त्याचा तोच आहे अजून? असू दे. तिथे आमचं जमणार नाही. भांडेन मी त्याच्याशी, समोर बसून भांडेन. पण बोलून तरी भांडू…

…काय म्हणतोय तो? कोणाला मत देणार?… त्यालाही कळत नाहीये? गॉगल गेला तर त्याच्या जागी दुसरा तसलाच आणला म्हणतोय?… हे तर मीच बोलले असते…

बरं, ऐक. मी येते परवा. सकाळीच येते, तिघं मिळून जाऊ… हो, देईन मत. कोणाला ते रांगेत उभी राहून ठरवेन. जीवावर येईल, पण देईन. घरी बसून रुसायचं, ते आमचे नेते करतात तेवढं पुरे…

…नाही, थांब, ठेवू नकोस. परवापर्यंत नाही दम धरवत मला. तो आत्ता काय करतोय?… ते जुनं मशीन आहे का घरात? बाबांचं?… खाटेजवळ? आणि माइक, स्पीकर? चालतात ना?… मग घे ना, लाव. अगं मी सांगते, काही बिघडत नाही. आधी टीव्ही बंद कर… करू दे त्याला कुरकुर…

स्पीकर त्याच्याकडे वळव. माइक दुसऱ्या बाजूला धर, स्पीकरसमोर नको, नाहीतर शिट्टी बसेल. आवाजाचं बटण अर्ध्यावर. आता डावीकडून दुसरं बटण… ट्रेबल, हो, ते पूर्ण वाढव. त्याच्या शेजारचं खाली आण. घुमणारा आवाज नको, अक्षरं सुटी ऐकू यायला हवीत… काय म्हणतोय? बटणांना हात लावू नकोस म्हणतोय? म्हणू दे, म्हणू दे त्याला.

फोन मोठ्या आवाजावर कर आणि माइकला टेकव… हं. माझाच आवाज मला परत येतोय. म्हणजे लागलं.

त्याला खुणेने सांग, नीट बस म्हणावं. कोण आहे ते सांगू नकोस.

…

हॅलो… हॅलो…

हॅलो… दादा… मी… बोलतेय…

मागपर्यंत… येतोय का… आवाज?

…

वहिनी? काय झालं?… काहीच नाही?… नुसता बघतोय मशीनकडे… बरं, थांब. पुन्हा.

दादा… मी… मैदानाच्या… या टोकाला… उभी आहे… मागपर्यंत… येतोय का… आवाज?

…

वहिनी, सांग ना. हात वर केला का त्याने?… केला? खरंच केला?… एकच ना?…

…दोन्ही?

…हसतोय?

बरं. बरं, दादा… कमी करते… हळूच बोलते आता.

परवा येते.

ठेवते.