तिसरं धुणं

नाही, नाही मॅडम, त्या रांगेतलं पान नका घेऊ, ती रोपं चांगली आहेत — म्हणजे मला काय कळणार, दिसतात तशी. या इकडच्यांना लावा चिमटा. वीस मिनिटं म्हणालात ना? आधी पान चिमट्याखाली अंधारात राहणार, मग तुमचं यंत्र त्याच्यावर एकदम उजेड टाकणार, आणि पान त्या उजेडाचं काही करतंय का ते बघणार. बापरे. माणसांना असलं यंत्र लावत नाहीत ते बरंय.

रोपं तपासायला आलात, बसा तरी, त्या पालथ्या क्रेटवर बसा. बाहेर नळावर खळखळाट चाललाय ना, त्या आमच्या वहिनी — रोपांचे ट्रे धुतायत, सकाळपासून चौथ्यांदा. एरवी पाण्याच्या थेंबाला जपणारी बाई. रोपवाटिका त्यांचीच, मी नुसता दीर, फवारणीला आणि ओझी उचलायला. तीन ठिकाणांहून हाकललेल्या माणसाच्या हातात पंप दिला कुणी? वहिनींनी. आणि काकडीची चार हजार रोपं कडेकडेनं पिवळी पडली, तेव्हा दादा वहिनींना म्हणाला, तुझ्याच हातून खत जास्त पडलं, या महिन्यात बंद कर हे सगळं. त्या मला म्हणाल्या, भावजी, माझ्या हाताचा गुण गेला वाटतं. मी काय केलं? मान हलवली. शेण खाल्लं.

तणनाशक? मारतो की, पण बाहेर वाटेवर, आत एक थेंब नाही, देवाशपथ. आणि पंप तीनदा धुतो, माझ्याइतकं कोण धुतंय? पहिलं पाणी वाटेवर, दुसरं वाटेवर, तिसरं — तिसरं नितळ असतं हो, प्यावं इतकं नितळ, मग ते फेकायचं कशाला? ते निळ्या ड्रममध्ये. हो, रोपांना त्याच ड्रममधून. लिहिताय का तुम्ही? इतक्यात नका लिहू. तीन-चारदाच ओतलं असेल. पाचदा.

परवा औषधाच्या दुकानदाराला आडून विचारलं, तर म्हणाला, हे औषध तण जाळत नाही, उपाशी मारतं. पान उन्हात असतं, हिरवंगार असतं, पण त्या उन्हाचं अन्न करणं त्याला जमत नाही — भरल्या ताटावर बसवून हात बांधावेत तसं. आणि म्हणे कोवळ्या रोपाला त्याचा नुसता अंश पुरतो. तेव्हापासून घास उतरत नाही मला, मॅडम. भीती वाटते. दादाची नाही, वहिनींची. त्या रागावणार नाहीत, नुसत्या बघतील माझ्याकडे.

ड्रम ओतून का नाही दिला? अहो, भरला ड्रम का उपडा केला म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होतो? शेवाळ आलंय म्हणालो, झाकण लावलं, वर वीट ठेवली. पुन्हा बी टाकलंय त्यांनी, शेवटचं म्हणून. कालच कोंब वर आलेत, त्यांना नळाचंच पाणी चाललंय, तेवढं मी बघतो.

खळखळाट थांबला. दमल्या असतील. किती वाजले? अकरा? अकराला नळ जातो आमचा —

वीट पडली का ती?

वहिनी. वहिनी, झारी खाली ठेवा. नका घालू ते पाणी. का म्हणजे — सांगतो, सगळं सांगतो, आधी झारी ठेवा.

मॅडम, चिमटा काढून घ्या. आता यंत्राचं काम नाही. तुम्ही या आता.