नेबोयशाच्या कोठीतला बोगदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भूमापन कचेरीचे संस्थापक आदरणीय स्वेतोझारकाका, नगरपालिकेतून वेळात वेळ काढून व्यासपीठावर आलेल्या ओल्गित्साबाई, आजचे सत्कारमूर्ती श्री. नेबोयशा, खिडक्यांपासून सर्वांत लांबची खुर्ची हेरून बसलेल्या त्यांच्या मातोश्री स्तामेन्कामावशी, आणि खालून येणाऱ्या भाजलेल्या मटणाच्या वासाने चुळबुळ करणाऱ्या माझ्या चाचाक गावच्या मित्रमैत्रिणींनो,

निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं, एवढं मला कळतं. स्वेतोझारकाकांनी मघाशी मला कोपऱ्यात घेऊन बजावलंही, "मिलेवा, आज तरी डोकं थंड ठेव." ठेवते. पण आजचा विषयच असा आहे की त्याला मी काय करू?

ओल्गित्साबाईंसाठी थोडं मागे जाते. आपल्या इमारतीचे मालक आगीला भितात. रोज संध्याकाळी घरी जाताना ते अख्ख्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढतात. हात जोडून झाले, भांडून झालं, उपयोग शून्य. इकडे आपली निम्मी मंडळी गावाकडे घरून काम करणारी. कचेरीतलं फाइलींचं यंत्रच रात्रभर बंद, तर त्यांनी नकाशे उघडायचे कसे? तेव्हा नेबोयशा म्हणाले, "फाइलींचं यंत्र माझ्या घरी ठेवू. प्रत्येकाच्या घरापासून माझ्या घरापर्यंत व्हीपीएन टाकतो." म्हणजे काय, तर इंटरनेटच्या पोटातून खोदलेला खासगी बोगदा. दाराला कुलूप, किल्ल्या फक्त आपल्याकडे. ऐकायला किती छान वाटतं नाही?

पहिल्याच आठवड्यात गावाकडून काम करणाऱ्या आपल्या रादमिलाचा फोन. फाइल सापडत नाही. का? तर तिच्या घरातल्या आणि नेबोयशांच्या घरातल्या यंत्रांना इंटरनेट कंपनीने क्रमांक तेच दिलेले. बिचारा संगणक बोगद्यात शिरायचं सोडून आमचे नकाशे रादमिलाच्या घरातल्या प्रिंटरकडे मागत होता! नेबोयशांनी आपल्या घरातले सगळे क्रमांक बदलले, तेव्हा कुठे गाडं चालू झालं. मला वाटलं, सुटलो. कसलं काय!

यंत्र ठेवलं होतं कोठीच्या खोलीत, लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्यांशेजारी. ते तापू नये म्हणून कोठीची खिडकी किलकिली आणि दारही उघडं. आणि दारासमोरच मावशींचं बाकडं! आता खिडकी आणि दार समोरासमोर उघडं राहिलं की अंगावर वारं येतं आणि त्या वाऱ्याने माणूस आजारी पडतो, हे आपल्याकडे कोण मानत नाही? मीही मानते, हसू नका. मावशींनी खिडकी लावली, दार लावलं, तरी यंत्राचा पंखा फुरफुरतोच आहे. मग त्यांनी आपली लोकरीची बंडी काढली आणि यंत्राला नीट गुंडाळली. यंत्र तापलं, बंद पडलं. आम्ही सगळे बोंबलत बसलो.

नेमके त्याच दिवशी नेबोयशा ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या बसमध्ये होते. त्यांची लेक यास्ना तिकडे असते. पहिली नात झालेली, तिच्या नामकरणाला निघाले होते. मी मावशींना फोन लावला.

"मावशी, तेवढी बंडी काढा हो त्याच्यावरची."

"का म्हणून? त्याचं वारं माझ्या कमरेत शिरतं."

"अहो, गरम होऊन बंद पडलंय ते!"

"बरं झालं. घरात एकाला तरी ऊब मिळाली."

मग बसमधून नेबोयशा. "आई, बंडी काढ आणि फक्त ते बटण दाब."

"विजेच्या वस्तूला मी हात लावत नाही. तू ये आणि काय ते दाब."

आणि हा माणूस हंगेरीच्या सीमेवर बसमधून उतरला आणि उलट्या बसने परत आला! आता अहोजाहो पुरे. नेबोयशा, मी तुझ्यावर इतकी चिडले होते त्या दिवशी! यंत्रावर चिडले, मावशींवर चिडले, त्या बंडीवर चिडले. नामकरण तू फोनच्या पडद्यावर पाहिलंस, कोठीत उभा राहून.

नाताळात पुन्हा निघालास, तर बेलग्रेडपर्यंतच पोहोचलास. या वेळी वीज गेली होती आणि आल्यावर यंत्र सुरू करायला घरात कोणी तयार नव्हतं. तिसऱ्यांदा मी विचारलं, "कधी निघतोस?" तर म्हणालास, "तिकीट नाही काढलं. उगाच कशाला?" त्या दिवशी मात्र मला राग आला नाही. रडू आलं.

म्हणून गेल्या महिन्यात स्वेतोझारकाकांना मी सोडलंच नाही. यंत्र भाड्याच्या थंडगार खोलीत हलवून घेतलं. तिथे पहारा आहे, बंड्या नाहीत. आज तू निवृत्त होतोयस, आणि संध्याकाळच्या बसची दोन तिकिटं निघालीत, तुझं आणि मावशींचं. हो मावशी, बसच्या खिडक्या उघडत नाहीत, मी स्वतः चौकशी केली आहे.

माफ करा, माझा फोन वाजतोय. रादमिला आहे, ती गावाकडून... बोल गं. काय? कधीपासून? त्या खोलीवाल्यांना विचार. उचलत नाहीत?

मंडळी, बोगदा बंद पडलाय.

नेबोयशा, बस खाली. तो फोन टेबलावर ठेव. खिशात नको, टेबलावर! मावशी, त्याचा हात धरा. रादमिला, ऐकतेस ना? संगणक बंद कर आणि जेवायला जा. ओल्गित्साबाई, नगरपालिकेला हवा असलेला तो उतारावरच्या जमिनीचा नकाशा आज संध्याकाळऐवजी सोमवारी मिळाला तर चालेल ना? बाई मान हलवताहेत, तो होकारच आहे. काका, तुम्ही काही बोलू नका, अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं. दुरुस्त करणारे करतील, नाहीतर आम्ही सगळे मिळून त्या खोलीच्या दारात जाऊन बसू. चाचाकमध्ये फाइल उघडली नाही म्हणून आजवर कोणी मेलेलं नाही.

आपण सर्वांनी माझी ही आदळआपट ऐकून घेतलीत, आभारी आहे. सभेच्या मानाला न शोभणारं काही बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला, विशेषतः मावशी तुम्ही.

आणि नेबोयशा, ऊठ. नात चालायला लागली म्हणे. पळायला लागायच्या आत पोहोच.